ऑगस्टमध्येच नडग्या का दुखतात?

प्रश्न असा आहे: "वर्षभरापूर्वी कराडजवळच्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झालो. पीएच.डी. करायची आहे. खेळाडूंचं आरोग्य, त्यांची कामगिरी की जिमखान्याचा कारभार, यापैकी कशावर काम करावं ते ठरत नाही. प्राचार्यांना पदकं हवीत, नॅकच्या (महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलला शोधनिबंध हवेत, आणि माझ्याकडे एक शिट्टी, दोन स्टॉपवॉच आणि एक मोडका वजनकाटा आहे. सुरुवात कुठून करू?"

सर, आधी तो वजनकाटा दुरुस्त करून घ्या. का ते पुढे सांगते.

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाचा जिमखाना मी 27 वर्षं सांभाळला. त्याआधी खो-खो खेळत होते. तुम्हाला पडलेला प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो उलट्या बाजूनं सोडवायला गेले, म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुम्ही आरोग्य, कामगिरी आणि कारभार असे तीन कप्पे केलेत. कागदावर ते तसेच असतात. ते एकात एक कसे अडकलेत हे मला एका कार्यालयीन अधीक्षकांमुळे कळलं. दुखण्यावरचा स्प्रे आणि क्रेप बँडेज एवढं कसं संपतं, त्याचा हिशेब द्या, असं त्यांनी लेखी विचारलं. मी चिडले, आणि त्या रागातच एक लांब वही घातली. तारीख, नाव, वर्ग, कुठे दुखतं, काय वापरलं. बस्स. तीन वर्षांनी ऑडिटच्या वेळी ती चाळताना लक्षात आलं की ऑगस्टच्या पानांवर 'नडगी, नडगी, नडगी' असं ओळीनं लिहिलंय आणि डिसेंबरच्या पानांवर तो शब्द शोधावा लागतो. डिसेंबरात तर आम्ही जास्त धावायचो! मग दुखायचं ऑगस्टमध्ये का?

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. त्यानंतर पोरं पांगतात. कुणी शेतात, कुणी मुंबईला मामाकडे कामाला, कुणी नुसतंच मोबाइल घेऊन. प्रवेश होईपर्यंत जुलै उजाडतो. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा पावसाळा सरता सरता सुरू होतात, म्हणून संघनिवड ऑगस्टमध्येच उरकावी लागते. चार महिने बसलेल्या पोराला आपण तीन आठवड्यांत स्पर्धेला उभं करायला निघतो. दम लवकर वाढतो, स्नायू त्याच्या मागून येतो, हाड सगळ्यांत शेवटी. नवा ताण आला की हाड आधी थोडं झिजतं आणि मग नव्यानं भरून निघतं. या भरणीला काही महिने लागतात. दम वाढला म्हणून पोरगं जोरात पळतं, आणि हाडाचं काम अजून अर्ध्यावर असतं.

त्यात आपला पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यातल्या मैदानांचा चिखल होतो. मग सगळी वरात डांबरी रस्त्यावर, यवतेश्वरचा घाट नाहीतर अजिंक्यतारा. चढताना पोरं धापा टाकतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की खरा व्यायाम चढावर आहे. मार बसतो तो उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो, पाऊल डांबरावर आपटतं, आणि पोरांना तर उतारावरच शर्यत लावायची हौस. मी पायथ्याशी स्टॉपवॉच घेऊन उभी असायचे. वेळ टिपत होते, शाबासकी देत होते!

तिसरं कारण कळायला मला आणखी दोन वर्षं लागली. माण तालुक्यातला एक मुलगा लंगडत आला, "मॅडम, पाय लई दुखतुया." त्या आठवड्यात मी त्याला फक्त दोनदा पळवलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं की पहाटे तो भरतीच्या अ‍ॅकॅडमीत जातो, तिथे रोज 1600 मीटर वेळ लावून, वर गोळाफेक, 100 मीटर. संध्याकाळी माझ्याकडे कबड्डी. रविवारी गावच्या संघातून मॅटवर. एकाच पोराचे तीन मास्तर, आणि तिघांनाही वाटत होतं की आपण बेतानंच करून घेतोय. आपल्या भागात पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी हा खेळाचाच दुसरा हंगाम आहे, तो आपल्या कुठल्याच वेळापत्रकात नसतो. तुम्हाला पीएच.डी.ला विषय हवाय ना? हा घ्या. भरतीची तयारी करणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूवर आठवड्याचा एकूण भार किती पडतो आणि त्याचं दुखण्याशी नातं काय? अ‍ॅकॅडमीवाला हा एकूण भार मोजणार नाही, तुमच्या शेजारच्या महाविद्यालयातले सरही नाहीत.

मोजायला यंत्र लागत नाही. कार्ल फॉस्टर या अमेरिकी अभ्यासकानं रुजवलेली एक साधी पद्धत आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं खेळाडूला विचारायचं, आजचा सराव शून्य ते दहापैकी किती जड गेला? तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं. 90 मिनिटं आणि अंक 6, म्हणजे 540. अ‍ॅकॅडमी, कॉलेज, गाव, तिन्हींचे आकडे रोज एका ओळीत, आठवड्याला बेरीज. अर्धा तास का थांबायचं? कारण शेवटची धाव जोरात झाली की पोरगं लगेच नऊ सांगतं, आणि शेवटी हसत-खेळत घेतलं की चार. 2016 च्या सुमारास या आठवड्याच्या भाराला गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीनं भागायची टूम निघाली. 0.8 ते 1.3 मध्ये असेल तर सुरक्षित, असं सगळीकडे सांगितलं जायचं. पुढे त्या गुणोत्तराच्या गणितावरच बरीच टीका झाली. मी म्हणेन, भागाकार राहू द्या. आठवड्यांच्या बेरजा एकाखाली एक लिहा. उडी कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

नडगीचं एक विसरू नका, ते संशोधनाआधीचं आहे. आतल्या कडेनं चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल तर विश्रांती आणि कमी भारानं बहुतेक वेळा भागतं. पण एका बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतं, रात्री झोपेतही ठणकतं, एका पायावर उडी मारता येत नाही, तर ते हाडाला गेलेली बारीक चीर समजून खेळ त्याच क्षणी थांबवा आणि अस्थितज्ज्ञांकडे पाठवा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो. "एक्स-रेत काही नाही" म्हणून पोराला परत पळवलेलं मी पाहिलंय.

मी काय बदललं? पहिले तीन आठवडे धावणं निम्म्यावर आणलं, घाट चढायचा पण उतरायचा चालत, आणि निवडचाचणी जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलली. त्या ऑगस्टमध्ये नडगीच्या नोंदी बऱ्याच घटल्या. मी खूश होऊन निबंध लिहायला घेतला. लिहिताना आठवलं की त्या वर्षी पाऊसही कमी होता आणि मैदान बरंच कोरडं मिळालं होतं. मग श्रेय माझं की पावसाचं? निबंध तसाच राहिला. पण संशोधन म्हणजे काय हे मला त्या दिवशी जितकं कळलं तितकं माझ्या पीएच.डी.नं शिकवलं नव्हतं.

माझ्या पीएच.डी.ची जात तुम्हाला ठाऊक असेलच. 'सहा आठवड्यांच्या अमुक प्रशिक्षणाचा तमुक तालुक्यातील खेळाडूंच्या स्फोटक शक्तीवर होणारा परिणाम.' दोन गट, आधी चाचणी, नंतर चाचणी, टी-टेस्ट (दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारं गणित), 0.05 पातळीवर सार्थ. माझा नियंत्रित गट, म्हणजे ज्याला ते प्रशिक्षण द्यायचं नव्हतं तो, आणि प्रायोगिक गट एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत राहत होते. प्रायोगिक गटानं संध्याकाळी शिकलेला व्यायाम नियंत्रित गट रात्री गच्चीवर करायचा, हे मला पदवी मिळाल्यावर कळलं. शिवाय 14-15 पोरांचा गट घेतला की एखाद-दोघांना चाचणीच्या दिवशी ताप आला तरी निष्कर्ष पलटतो. असे प्रबंध करू नका असं मी म्हणत नाही, पदोन्नती सगळ्यांनाच लागते. पण त्यातून तुमच्या मैदानावर काही बदलेल ही अपेक्षा ठेवू नका.

चाचण्या घ्यायच्याच तर स्वस्त घ्या आणि जपून घ्या. कूपरची 12 मिनिटांची धाव 1968 पासून चालत आली आहे. धावलेल्या मीटरमधून 504.9 वजा करून 44.73 नं भागलं की ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेचा अंदाज मिळतो. 2400 मीटर म्हणजे साधारण 42. पण जुलैत चिखलात घेतलेली धाव आणि जानेवारीत कोरड्या ट्रॅकवर घेतलेली धाव शेजारी ठेवून "18 टक्के सुधारणा" असं लिहाल तर सुधारलंय ते मैदान. तीच जागा, तीच वेळ, तेच बूट. आणि एकदा तरी एकाच आठवड्यात दोनदा तीच चाचणी घ्या. काहीही प्रशिक्षण न देता आकडा कितीनं हलतो ते बघा. त्याहून लहान फरकाला सुधारणा म्हणायचं नाही.

आता जरा नाजूक मुद्दा. विचारणारा कोण, यावर उत्तर बदलतं. निवडचाचणीच्या आदल्या दिवशी मी संघाला विचारायचे, कुणाला काही दुखतंय का? एकही हात वर नाही. पुढे मी वही एका माजी खेळाडू मुलीकडे दिली, निवडीत तिचा काडीचाही अधिकार नव्हता. त्याच आठवड्यात वहीची दोन पानं भरली. तुम्ही निवड करता, तुम्ही क्रीडागुणांच्या कागदावर सही करता; तुम्ही संशोधक म्हणून संमतिपत्र पुढे केलंत तर कुठलं पोरगं नाही म्हणेल? संमती घेणारा माणूस दुसरा असू द्या, नकार दिला तरी संघातली जागा जाणार नाही हे स्पष्ट सांगू द्या, आणि वजनाची, हिमोग्लोबिनची यादी फलकावर कधीही लावू नका. मी एकदा वजनांची लावली होती. दोन मुलींनी खेळ सोडला.

मुलींचा विषय निघालाच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या मुलींच्या संघातल्या निम्म्या जणी हिमोग्लोबिन 12 च्या खाली घेऊन खेळत असतील असं धरूनच चाला. आपण त्यांना "दम नाही, सराव कमी पडतो" म्हणतो आणि आणखी दोन फेऱ्या वाढवतो. एक साधी रक्ततपासणी वर्षातून दोनदा करून घ्या, सरकारी रुग्णालयाशी बोललात तर शिबिर होतं. कमी निघालं तर गोळी डॉक्टरांनीच द्यावी, आपण नाही. गूळ-शेंगदाणे चांगलेच, पण कमी झालेलं हिमोग्लोबिन नुसत्या लाडवानं वर येत नाही. आपलं काम एवढंच बघायचं की गोळी चहाबरोबर जात नाही ना. चहा लोह शोषू देत नाही, लिंबू मदत करतं. स्पर्धेच्या सकाळी संघाला चहा-बिस्किट देऊन मैदानात उतरवणारे आपणच असतो.

दुसरं, पाळी. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 3000 मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या) अंतिम फेरीत पोहोचल्या, प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्यानंतर लांब पल्ल्याला मुली येऊ लागल्या, याचा आनंद मला आजही आहे. त्यांतली एक झपाट्यानं सुधारत होती, झपाट्यानं बारीक होत होती, आणि मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक करत होते. तिची पाळी पाच महिने आली नव्हती. तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी बाई असून! वर्षअखेरीला तिच्या पायाच्या हाडाला चीर गेली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये या प्रकाराला रेड-एस हे नाव दिलं. खाल्लेल्या अन्नातून खेळाचा खर्च वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कामाला पुरेशी ऊर्जाच उरत नाही, मग शरीर एकेक काम बंद करत जातं, पाळी त्यातलं एक. मुलांमध्येही हे होतं, त्यांच्यात खूण पटकन दिसत नाही एवढंच. सलग तीन महिने पाळी चुकली की डॉक्टर, हा नियम करा. हे विचारायला तुमच्या महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापिकेला सोबत घ्या. तुम्हाला संकोच वाटतो हे कारण त्या मुलीच्या हाडाला सांगून चालणार नाही.

आता वजनकाटा. तुमच्याकडे कुस्ती असणार. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर तुमच्यापासून सायकलच्या अंतरावर आहे. वजनगटात बसण्यासाठी पोरं काय करतात ते तुम्ही पाहिलं असेल: रेनकोटवर स्वेटर घालून पळणं, दोन दिवस पाणी बंद, दिवसभर थुंकत राहणं. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवान असंच वजन उतरवताना साधारण महिन्याभरात दगावले. हवा आत-बाहेर जाऊ न देणारे कपडे घालून, गरम जागेत, उपाशी-तहानलेले ते व्यायाम करत होते. पैलवानांना समज देणारं पत्रक काढून तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं, एनसीएएनं, हात झटकले नाहीत. रबरी सूट आणि सौनावर बंदी घातली, वजन करायची वेळ लढतीच्या अगदी जवळ आणली म्हणजे आदल्या दिवशी उतरवून रात्रीत भरून काढायची सोयच उरली नाही, आणि हंगामाआधी लघवीची घनता तपासून, पैलवानाच्या अंगात पुरेसं पाणी असतानाच त्याचं किमान वजन ठरवायला लावलं. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त घट नाही. जीव वाचवले ते वजनकाट्याचं वेळापत्रक बदलून. आता सांगा, हा आरोग्याचा विषय की कारभाराचा?

आपल्याकडे लघवीची घनता मोजायची पट्टी मिळते, ती नसली तरी रंग सगळ्यांना कळतो. आणि काटा चालू असेल तर सरावाआधी नि सरावानंतर वजन घ्या. किलोभर उतरलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. 50 किलोच्या मुलीचं किलोभर उतरलं की दोन टक्के झाले, त्यापुढे कामगिरी घसरायला लागते. या एका काट्यावर दोन वर्षांचा अभ्यास उभा राहतो.

कारभारातलं आणखी एकच सांगते. एका महाविद्यालयाच्या मैदानावर सामन्यात एक मुलगा कोसळला. 108 ला फोन गेला, रुग्णवाहिका लवकर आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. फाटकाला साखळी, किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला गेलेला. तो मुलगा वाचला, ऊन लागलं होतं, कुणीतरी शहाणपणानं त्याच्या अंगावर टाकीतलं पाणी ओतत राहिलं. उष्माघातात तेच आधी करायचं असतं, गार करणं पहिलं, नेणं दुसरं. त्या दिवसापासून सामन्याच्या आधी मी पंचांना भेटण्याआधी किल्लीवाल्याला भेटायचे. छातीदाब देता येणारी तीन माणसं मैदानावर आहेत का, तालुक्याच्या रुग्णालयाचा फोन कुणाकडे आहे, पालकांचा नंबर प्रवेशिकेवर खरा आहे का, हे सगळं 'प्रशासन' या नावाखाली येतं आणि त्यावर आपल्या विद्यापीठांत फारसं कुणी लिहीत नाही. सांगली, सातारा, कोल्हापुरातली तीस-चाळीस मैदानं फिरून नुसती एवढी पाहणी केलीत तरी तिचा उपयोग तुमच्या प्रबंधाआधी होईल.

खेळात बंदी असलेल्या औषधांबद्दल थोडक्यात. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, 2023 च्या अहवालात भारतातल्या 5,606 नमुन्यांपैकी 3.8 टक्क्यांत बंदी असलेली द्रव्यं निघाली, जास्त नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये हे प्रमाण सर्वांत वाईट. त्यातली काही पोरं आपल्यासारख्याच जिमखान्यांतून गेली असणार. दुकानातल्या डब्यात काय आहे ते पोराला माहीत नसतं आणि "मला माहीत नव्हतं" म्हणून शिक्षा टळत नाही. सर्दीची गोळी घेतानाही नाडाच्या (आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) 'नो युवर मेडिसिन' या सोयीवर बघायची सवय लावा. भरतीच्या जिममध्ये इंजेक्शन फिरतात हे ऐकून सोडून देऊ नका.

शेवटचा मुद्दा मला फार उशिरा सुचला. आपले सगळे अभ्यास संघात उरलेल्यांवर असतात. जानेवारीत उभे असलेले बारा जण घेतो आणि त्यांची क्षमता मोजतो. ऑगस्टमध्ये चाचणीला आलेले साठ-सत्तर जण कुठे गेले? काहींची नडगी गेली, काहींच्या एसटीची वेळ सरावाशी जुळली नाही, काहींची प्रात्यक्षिकं स्पर्धेच्याच दिवशी आली, काही मुलींची दुसऱ्या वर्षात लग्नं झाली. त्यांची नावं निवडचाचणीच्या कागदावर असतात आणि तो कागद आपण स्पर्धेनंतर फेकून देतो. तो फेकू नका. गळालेल्या प्रत्येकाला एक फोन करा, का आला नाहीस, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा.

माझ्या वह्या घरी माळ्यावर आहेत. दोन वाळवीनं खाल्ल्या, नऊ शाबूत आहेत. पावसाळा संपला की साताऱ्याला या, नावांवर कागद चिकटवून ठेवते. येताना त्या वर्षांचे साताऱ्याच्या पावसाचे आकडे तेवढे काढून आणा, माझा तो अडलेला निबंध अजून अडलेलाच आहे.